‘गाडी घसरून पडला’ : एका क्लेमचे पहिले तीन दिवस

२१ एप्रिल २०२५, सोमवार. दुपारी कोर्टातून ऑफिसात आलो तर बाकावर एक जोडपं बसलेलं होतं. नवरा चौतीस वर्षांचा, काखेत कुबडी, उजवं मनगट वाकडं जुळलेलं. बायकोनं मांडीवरची कापडी पिशवी टेबलावर उलटी केली. एक्स-रे, मेडिकलची बिलं, डिस्चार्ज कार्ड, पोलिसांनी घेतलेल्या जबाबाची झेरॉक्स आणि पाचशेचा एक स्टॅम्प पेपर. ‘‘साहेब, क्लेम होतोय का नाही तेवढं सांगा. नसंल होत तर नाद सोडतो.’’

मी साताऱ्यात मोटार अपघाताचे दावे चालवतो. कागद वाचून झाले तेव्हा एक गोष्ट डोळ्यात खुपली. डिस्चार्ज कार्ड, जबाब आणि स्टॅम्प, तिन्हींवर थोड्याफार फरकानं एकच वाक्य होतं : मोटारसायकल घसरून पडल्यानं दुखापत. आणि समोरचा माणूस सांगत होता की तो उसाच्या ट्रॉलीवर आदळला. दोघांच्या परवानगीनं, नाव-गाव वगळून हे प्रकरण लिहितो आहे. असे दावे माझ्याकडे दर हंगामात येतात आणि दवाखान्यातले पहिले तीन दिवस त्यातल्या बऱ्याच जणांना महागात पडलेले असतात.

या माणसाचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप. गेट, खिडक्यांचे ग्रिल, पत्र्याची शेड अशी कामं. हाताखाली दोन पोरं. ११ डिसेंबर २०२४ ला संध्याकाळी साडेसातच्या सुमारास एका गोठ्याच्या शेडचं माप घेऊन तो मोटारसायकलवरून घरी निघाला होता. गळीत हंगाम चालू होता. रस्त्यात दोन ट्रॉल्यांचा एक ट्रॅक्टर उभा होता. मागच्या ट्रॉलीचा टायर फुटलेला, अर्धी ट्रॉली डांबरावर, अर्धी साइडपट्टीवर. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधी झाडाची फांदीसुद्धा टाकलेली नाही. ड्रायव्हर जॅक आणायला गेलेला. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश डोळ्यावर आला आणि हा ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर जाऊन आदळला. उजव्या पायाचं नडगीचं हाड गुडघ्याखाली फुटलं, उजवं मनगट चुरगळलं.

१०८ च्या ॲम्ब्युलन्सनं त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथून रात्रीच शहरातल्या खासगी दवाखान्यात हलवलं. हलवताना सोबत होता ट्रॅक्टरमालकाचा चुलतभाऊ. हा मालक शेजारच्या गावचा, लांबचा पाहुणा. दवाखान्यात डॉक्टरांनी ‘कसं झालं?’ विचारलं तेव्हा उत्तर त्या चुलतभावानं दिलं : ‘‘गाडी घसरली.’’ जखमी माणूस वेदनेनं तळमळत होता, बायको अजून वाटेत होती. डॉक्टरांनी ऐकलं ते लिहिलं. यालाच आम्ही ‘हिस्टरी’ म्हणतो, आणि विमा कंपनीचा वकील फाइल उघडल्यावर सगळ्यात आधी तीच बघतो.

मालक दुसऱ्या दिवशी आला. डिपॉझिटचे चाळीस हजार भरले. बायकोला म्हणाला, ‘‘ताई, पोलिसात कशाला जाताय? आपण पाहुणं-पाहुणं. सगळा खर्च माझ्याकडं लागला.’’ तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि त्याच संध्याकाळी हवालदार जबाब घ्यायला आले. ग्रामीण रुग्णालयातून अपघाताची खबर पोलीस ठाण्याला गेली होती, म्हणून ते आले, आपलं काम करायला आले. जबाब लिहिला गेला : गाडी घसरून पडलो, कोणाविरुद्ध तक्रार नाही. खाली डाव्या हाताचा अंगठा. हा माणूस दहावी पास, रोज गिऱ्हाइकांना सही करून कोटेशन देणारा. उजवा हात प्लास्टरमध्ये आणि अंगात भुलीचा अंमल, म्हणून अंगठा. स्टॅम्प त्याआधीच, ऑपरेशनच्या वेळी झाला होता. बायकोच्या सहीनं, ‘मदत म्हणून एकूण ७०,००० रुपये मिळाले, यापुढे काही मागणी नाही.’

त्या बाईला मी एका शब्दानंही दोष दिला नाही आणि कोणी देऊ नये. नवरा ऑपरेशन थिएटरात, बाहेर पैसे भरणारा एकच माणूस, आणि तोच कागद पुढे करतो आहे. अशा वेळी कोणीही सही करील. मालकही काही राक्षस नव्हता. त्याच्या ट्रॉल्यांचा विमा नव्हता आणि आपलं शेत विकायला लागेल या भीतीनं तो हे सगळं करत होता. पुढे तो सत्तर हजारांवर थांबला, फोन उचलेनासा झाला. बिल २,८६,००० झालं होतं.

खरं तर कायद्यानं या कुटुंबाला एवढं धावावं लागायला नको होतं. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे (अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या खास न्यायालयाकडे) आणि विमा कंपनीकडे द्यायचा, आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. तो अहवालच न्यायाधिकरण भरपाईचा अर्ज म्हणून हाती घेऊ शकतं. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोहर मोहम्मद प्रकरणात याची अंमलबजावणी करण्याचे सविस्तर आदेश दिले. पण ही सगळी यंत्रणा गुन्हा नोंदवण्यापासून सुरू होते. ‘तक्रार नाही’ या दोन शब्दांनी ती जागेवर थांबली.

मी पहिल्यांदा कॅलेंडर काढलं. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये, म्हणजे भरपाईच्या दाव्याच्या कलमात, सहा महिन्यांची मुदत घातली; ती लागू झाली १ एप्रिल २०२२ पासून. १९९४ पासून २०२२ पर्यंत अशी मुदत नव्हती, त्यामुळे ‘क्लेमला मुदत नसते’ हे जुनं वाक्य गावोगावी अजून ऐकू येतं. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयानं अंतरिम आदेशानं सांगितलं की मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत. पण एप्रिलमध्ये तो आदेश नव्हता. आमच्याकडे ११ जूनपर्यंतचा वेळ होता आणि उन्हाळी सुट्टी तोंडावर होती. गुन्हा नोंद होण्याची वाट न बघता ६ मे ला दावा दाखल केला. एफआयआर नाही म्हणून दावाच घेता येत नाही, असं काही नाही.

तक्रारीचं काम समांतर चालू ठेवलं. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, पोच घेतली. आठ दिवसांनी तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवला. ३ जूनला गुन्हा नोंदला गेला : भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणं), १२५ (दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं) आणि रस्त्यात धोकादायक अडथळा केल्याबद्दल २८५. जवळजवळ सहा महिन्यांचा उशीर. उशीर झाला म्हणून दावा आपोआप खोटा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात स्पष्ट केलं आहे. घरचे लोक आधी जखमीला वाचवायला धावतात, ठाण्यात नंतर जातात, हे न्यायालयाला कळतं. पण उशिराचा खुलासा पटण्यासारखा हवा आणि त्याला बाहेरचा आधार हवा.

या प्रकरणातला खरा कस तिथे लागला. आधार शोधायला मी त्या दोघांना घरी पाठवलं आणि सांगितलं, अपघाताच्या आधी आणि नंतरच्या तासाभरात त्या रस्त्यानं कोण गेलं ते आठवा, कोणाला फोन झाले ते बघा, आणि घरातलं काहीही फेकू नका.

पहिली गोष्ट मोटारसायकल. ती दुरुस्तीला पैसे नव्हते म्हणून वर्कशॉपच्या मागे तशीच पडून होती. दुरुस्त झाली असती तर पुरावा भंगारात गेला असता. पुढचा फोर्क मागे वाकलेला, हेडलाइट आत चेपलेला, टाकीच्या बाजूंना मात्र ओरखडासुद्धा नाही. घसरून पडलेल्या गाडीचे फूटरेस्ट, हँडलचं टोक, सायलेन्सर घासतात. ही गाडी समोरून कशाला तरी आदळली होती. टेप लावून उंचीसह फोटो काढले. ट्रॉलीच्या मागच्या अँगलची उंची आणि हेडलाइटची चेप जुळत होती.

दुसरी गोष्ट ग्रामीण रुग्णालयाचं रजिस्टर. खासगी दवाखान्याच्या कागदावर सगळ्यांचं लक्ष गेलं होतं, पण त्याआधीची नोंद कोणी बघितलीच नव्हती. तिथे ड्युटीवरच्या डॉक्टरांनी ॲम्ब्युलन्सवाल्याच्या सांगण्यावरून लिहिलं होतं : ‘ट्रॅक्टर ट्रॉलीला धडक’. माहिती अधिकारात प्रत मागितली, मिळाली. वेळेनं ही नोंद सगळ्यात आधीची, आणि सांगणारा कोणाचाच पाहुणा नव्हता. या एका ओळीनं दाव्यात जीव आला.

तिसरी गोष्ट अनपेक्षित होती. दूध संकलन केंद्रावर काम करणारा एक पोरगा त्या संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिथून गेला होता. त्यानं बंद पडलेल्या ट्रॉलीचा फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता : ‘ट्रॉली रस्त्यात बंद हाय, सावकाश या.’ अपघाताच्या वीस मिनिटं आधी! फोटोत अंधार, उसाच्या मोळ्या, फाळक्यावर रंगानं लिहिलेलं मालकाचं नाव आणि गाव. रिफ्लेक्टर कुठेच नाही. तो पोरगा घाबरला होता, ‘मला कोर्टात खेचू नका’ म्हणत होता. त्याला समजावलं की त्यानं फक्त सावध केलं, त्याच्यावर काही येत नाही. त्याचा मूळ फोन तोच होता, फोटो डिलीट झालेला नव्हता. फॉरवर्ड होऊन आलेल्या प्रतीवर किंवा स्क्रीनशॉटवर मी विसंबलो नाही. मूळ फोनवरून प्रत घेऊन इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडलं. हे प्रमाणपत्र विसरल्यामुळे चांगले फोटो वाया गेलेले मी पाहिले आहेत.

ट्रॅक्टरचा नंबर मात्र कोणालाच आठवत नव्हता. तो साखर कारखान्यानं दिला. ऊस घेऊन आलेली प्रत्येक गाडी गेटवर नोंदली जाते, वजनकाट्याची पावती निघते. न्यायाधिकरणामार्फत कारखान्याकडून त्या दोन दिवसांच्या नोंदी मागवल्या. मालकाच्या नावावरचा ट्रॅक्टर १२ डिसेंबरच्या पहाटे काट्यावर चढला होता. नंबर मिळाल्यावर परिवहनच्या ॲपवर विमा कोणाचा आहे ते दिसलं आणि विमा कंपनीला पक्षकार केलं.

कंपनीचं म्हणणं अपेक्षेप्रमाणेच आलं. अपघातच झाला नाही. झाला असला तर ट्रॉलीचा वेगळा विमा नाही. विमा शेतीकामासाठी, वापर भाड्यानं ऊस वाहतुकीसाठी. मोटारसायकलवाल्यानं उभ्या गाडीला मागून धडक दिली, म्हणजे चूक त्याचीच. आणि हेल्मेट नव्हतं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो कारण तो लवकर संपतो. हेल्मेट नव्हतं, हे खरं. पण डोक्याला मार नाही. मोडलं ते मनगट आणि नडगी. नियम मोडला एवढ्यावरून अपघातातला वाटा ठरत नाही, त्या चुकीचा अपघाताशी किंवा दुखापतीशी संबंध दाखवावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये मोहम्मद सिद्दीक प्रकरणात म्हटलं आहे. तिथे मुद्दा एका मोटारसायकलवर तिघं बसल्याचा होता.

मागून धडक दिल्याचा मुद्दा जड आहे. पण २०१८ च्या अर्चित सैनी निकालात रात्री रस्त्याच्या मध्ये, दिवा न लावता उभ्या असलेल्या गॅस टँकरवर कार आदळली होती. उच्च न्यायालयानं निम्मी चूक कारचालकाची धरली होती, सर्वोच्च न्यायालयानं ती काढून टाकली. आमच्या फोटोतली ट्रॉली आणि तो टँकर यांत मला फार फरक दिसत नाही. ट्रॉलीच्या विम्याचा वाद लांब चालेल, पण मी अशिलाला सांगितलं की तो मुख्यतः कंपनी आणि मालक यांच्यातला आहे. विम्याच्या अटी मोडल्या असल्या तर ‘कंपनीनं आधी जखमीला द्यावं, मग मालकाकडून वसूल करावं’ असे आदेश न्यायालयं देतात.

आता नुकसानीचा हिशेब. या भागात माझं अशिलाशी जवळजवळ भांडण झालं. त्यानं कधी आयकर विवरणपत्र भरलेलं नाही. ‘‘महिन्याला तीस सुटायचे’’ म्हणाला. मी विचारलं, कशावरून? मग त्याच्या बायकोनं जी मेहनत घेतली तिला तोड नाही. लोखंडाच्या दुकानातून वर्षाची बिलं काढून आणली, कोटेशनच्या डुप्लिकेट प्रती शोधल्या, यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बँकेच्या उताऱ्यावर पेन्सिलीनं खुणावल्या, दोन पोरांना दिलेल्या मजुरीची वही आणली. हे सगळं धरून महिन्याला १८,००० रुपये मी छातीठोकपणे सांगू शकतो. तीस हजार मागून बारा हजार मिळण्यापेक्षा, सिद्ध होतील असे अठरा मला बरे वाटतात.

जिल्हा रुग्णालयाच्या मंडळानं कायमचं अपंगत्व २८ टक्के दिलं. बहुतेक लोक इथेच थांबतात. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालानं फार मोलाचा फरक सांगितला : शरीर किती टक्के गेलं आणि कमाई किती टक्के गेली, या दोन वेगळ्या गोष्टी. बसून काम करणाऱ्याला वाकडं मनगट आणि आखडलेला गुडघा एकवेळ निभावेल. वेल्डरला शिडीवर चढावं लागतं, उजव्या हातात ग्राइंडर घट्ट धरावा लागतो, उकिडवं बसून टाका मारावा लागतो. आमचं म्हणणं, कमाईतलं नुकसान किमान ४० टक्के.

आकड्यांत फरक बघा. १८,००० वर, वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा म्हणून, पुढच्या वाढीचे ४० टक्के धरले की २५,२०० होतात. वर्षाचे ३,०२,४००. चौतीस वयाला सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालाच्या तक्त्याप्रमाणे गुणक (वर्षाची कमाई ज्यानं गुणायची तो आकडा) १६, म्हणजे ४८,३८,४००. त्याचे २८ टक्के १३,५४,७५२. ४० टक्के १९,३५,३६०. कागदावरच्या टक्क्यावर समाधान मानलं असतं तर ५,८०,६०८ रुपये सोडून दिले असते. दवाखान्याचा खर्च, वेदना, पुढचं ऑपरेशन हे सगळं यापेक्षा वेगळं.

मध्येच एक गोष्ट उघड झाली. मेव्हण्यानं काढून दिलेल्या आरोग्य विम्यातून दोन लाख मिळाले होते आणि ते दोघांनी माझ्यापासून लपवलं होतं. कापून घेतील अशी भीती. मूळ बिलं त्या कंपनीकडे गेल्यामुळे आमच्याकडे झेरॉक्सच होत्या, हे तेव्हा कळलं. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं सांगितलं आहे की मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा होत नाही, कारण तो हप्ता भरून घेतलेला हक्क आहे. आम्ही रक्कम उघड सांगितली आणि दवाखान्यातून बिलांच्या साक्षांकित प्रती घेतल्या. वकिलापासून लपवलेली गोष्ट उलटतपासणीत कंपनीच्या वकिलाच्या तोंडून ऐकणं फार वाईट असतं. स्टॅम्पवरचे सत्तर हजारही आम्ही स्वतःच दाव्यात लिहिले.

दरम्यान गावातल्या एका जाणकारानं त्यांना सांगितलं की चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. मिळतात, कलम १६४ खाली. पण ते तडजोडीनं स्वीकारले की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो, हे त्या जाणकाराला माहीत नव्हतं. डिसेंबर २०२५ च्या लोकअदालतीत कंपनीनं सात लाखांचा प्रस्ताव दिला. घरात कर्ज आहे, रक्कम डोळ्यासमोर दिसत होती. मी दोघांना बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं की लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, मनगटाचं दुसरं ऑपरेशन बाकी आहे, आणि निर्णय तुमचा. बायको म्हणाली, ‘‘एकदा घाईनं सही केली साहेब. आता नाही.’’

उलटतपासणी त्यानंतर झाली. कंपनीच्या वकिलांनी एक रंगीत प्रिंट पुढे केली. खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये पूजा झाली होती. वेल्डिंग मशीनला झेंडूचा हार, आणि शेजारी माझा अशील ग्राइंडर हातात धरून हसतोय. स्टेटसला ठेवलेला फोटो. ‘‘म्हणजे तुम्ही काम करता?’’ तो क्षणभर गोंधळला, मग म्हणाला, ‘‘हत्यार पूजेला मांडायला उचललं होतं. चालवायला पोरं ठेवलीत.’’ मजुरीच्या वहीत अपघातानंतर वाढलेला तिसरा कामगार होता, ते तिथेच दाखवलं. पण तो फोटो नसता तर मला त्या रात्री झोप लागली असती.

मग बायकोची साक्ष आणि स्टॅम्प. ‘‘ही सही तुमचीच?’’ ‘‘होय.’’ ‘‘वाचून केली?’’ ती न्यायाधीशांकडे वळली. ‘‘वाचली साहेब. गाडी घसरली लिवलं हुतं. मी म्हनलं, हे खोटं हाय. ते म्हनले, ताई, डॉक्टर थांबलाय, पैसं भरायचं का न्हाई?’’

न्यायाधीशांनी ते वाक्य तिच्याच शब्दांत टंकलेखकाला सांगितलं. पुढची तारीख हाडांच्या डॉक्टरांच्या साक्षीची आहे. समन्सचा खर्च भरला आहे, आणि दूध केंद्रावरचा पोरगा त्याच दिवशी फोन घेऊन येतो म्हणाला आहे.